खारघर सोसायटी ग्रुप: सहावीला लॅपटॉप, प्रत्येकी एक?

ए-२०२ पाटील: शाळेचं सर्क्युलर सगळ्यांना आलं ना? जूनपासून सहावीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप. शाळा देणार, पैसे फीमध्ये लावणार. हरकत असेल तर शनिवारपर्यंत लेखी द्यायची आहे.

बी-३०३ रूपाली: आलं. मला तर बरं वाटलं. २०२० मध्ये दोन मुलं आणि एक मोबाइल, कसं वर्ष काढलं आमचं आम्हाला माहीत. मोठीची परीक्षा असली की धाकट्याचा तास बुडालाच.

सी-१०१ सावंत काका: नातू आत्ताच मोबाइल सोडत नाही. शाळाच हातात स्क्रीन देणार असेल तर आम्ही कुठल्या तोंडाने रागवायचं?

ए-२०२ पाटील: काका, मोबाइल वेगळा, कॉम्प्युटर वेगळा. ऑफिसात नवीन मुलं येतात, फाईल कुठे सेव्ह झाली ते सांगता येत नाही. हे शाळेतच शिकवायला हवं.

बी-६०४ कदम बाई: पाटील, कॉम्प्युटर हवाच. तिथे माझा वाद नाही. वाद आहे तो ‘प्रत्येकी एक’ याच्यावर. थोडं लांब लिहिते, पण वाचा.

हा प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात होऊन गेलाय. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती, दर मुलामागे एक. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत झाला. एक शिक्षक आणि वीसेक मुलं. यंत्राची किंमत मात्र सांगितली त्याच्या जवळजवळ दुप्पट पडली.

सगळ्यात मोठी खरेदी पेरू देशाने केली, साडेआठ लाखांच्या वर. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. गणितात आणि भाषेत काहीच फरक नाही. तर्काच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, एवढंच.

बी-३०३ रूपाली: बापरे. एवढे पैसे घालून? का असं झालं ताई?

बी-६०४ कदम बाई: मुलं लॅपटॉप वापरत होती गं. लिहायची, खेळायची, गाणी ऐकायची. पण त्या शाळांत इंटरनेट जवळजवळ नव्हतं आणि वर्गात जे शिकवायचं त्याच्याशी यंत्राचा संबंध कुणी जोडून दिला नव्हता. शिकवण्याची पद्धत होती तीच राहिली.

आता बडोद्याचं ऐका, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. २००० मध्ये गुजरात सरकारने तिथल्या महानगरपालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. बऱ्याच ठिकाणी ते पडूनच होते. मग ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने माणसं नेमली आणि गणिताचे खेळ टाकले. चौथीची दोन मुलं एका कॉम्प्युटरवर, आठवड्याला फक्त दोन तास. उत्तर बरोबर आलं की पुढचं गणित अवघड, चुकलं की सोपं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल तपासले. गणितात चांगली झेप होती. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हेही त्यांनीच लिहिलंय. म्हणजे एकदा वाटप करून मोकळं होता येत नाही, रोजचं काम चालू ठेवावं लागतं.

ए-२०२ पाटील: पटतंय मॅडम. पण एका मशीनवर दोघं म्हणजे एक टाइप करणार आणि दुसरा बघत बसणार. आमच्या कॉलेजात असंच व्हायचं.

बी-६०४ कदम बाई: शिक्षक वर्गात फिरत नसेल तर होणारच. दर गणिताला माउस दुसऱ्याच्या हातात द्यायचा. बघणारा बोलून सांगतो आणि त्यात त्याचंही डोकं चालतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच करते. चुपचाप बसणारी मुलं इथे बोलायला लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सेक्रेटरी: मध्येच लिहितोय, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत, १० ते ४ पाणी नाही. आजच भरून ठेवा.

बी-३०३ रूपाली: ताई, पण ज्यांच्याकडे घरी काहीच नाही त्यांचं काय? प्रोजेक्ट तर घरीच करायला देतात.

बी-६०४ कदम बाई: त्यांना शाळेने रजिस्टरवर सही घेऊन घरी न्यायला द्यावा, पुस्तक देतात तसा. ज्याला गरज त्याला. सगळ्यांच्या फीमध्ये सरसकट लावायचं कारण नाही. आणि आपण फीवर भांडतोय तरी. २०२३-२४ च्या यूडायस, म्हणजे शाळांच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या फक्त ५७.२ टक्के शाळांत चालू कॉम्प्युटर होता. बाकीच्या शाळांत चालू असा एकसुद्धा नव्हता. मला त्याचा रोज त्रास होतो.

बी-३०३ रूपाली: आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी आठवीत आहे. तिने माउस धरलेला नाही अजून. क्लब हाउसच्या मागच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर लावले तर?

ए-२०२ पाटील: माझ्याकडे एक डेस्कटॉप पडून आहे, मॉनिटरसकट. फॉरमॅट करून देतो. शनिवारी संध्याकाळी मी बसेन मुलांबरोबर.

सेक्रेटरी: खोली मिळेल. कमिटीसमोर ठेवतो. वायरिंग आधी बघून घेऊ.

ए-२०२ पाटील: आणि शाळेला पत्र? मॅडम, तुम्हीच मसुदा करा.

बी-६०४ कदम बाई: केलाय. लॅब वाढवा, दोन मुलांना एक कॉम्प्युटर पुरेल. कुठल्या विषयाचे कुठले तास त्यावर होणार ते आधी लिहून द्या. शिक्षकांचं प्रशिक्षण जूनच्या आधी. घरी नेण्याची सोय गरज असेल त्यालाच. प्रिंट सोसायटी ऑफिसात ठेवलीय.

सी-१०१ सावंत काका: खाली जाऊन सही केली. बॅटरी गेली, स्क्रीन फुटली तर खर्च कोणाचा, हे पण त्यात घाला बाई.

बी-६०४ कदम बाई: घालते काका. नवीन प्रिंट रात्री ठेवते, बाकीच्यांनी त्यावर सही करा.