अनुभव धागा : आरएक्स, आरडी… जुन्या जपानी टू-स्ट्रोकची किंमत नेमकी कशात?

सीमाभागी_सायलेन्सर
टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ यामाहा आरएक्स १०० चा आवाज कानावर आला आणि जुनं बेळगाव डोळ्यांसमोर उभं राहिलं. आज हीच गाडी लाखाच्या घरात गेली आहे. पण घेणारे नवा रंग, चकचकीत मडगार्ड बघून पैसे मोजतात आणि खरी जपलेली गाडी मागे पडते, याचं वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

आरएक्स १०० आली १९८५ ला, गेली १९९६ ला. ९८ सीसी, ११ बीएचपी आणि वजन जेमतेम १०३ किलो. एवढ्या हलक्या अंगाला एवढी ताकद, म्हणून ती अशी पळते. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून येऊन इथे जोडले जात. ‘जपान इंजिन’ म्हणून मागणी आहे ती याच गाड्यांना. माझ्या मते आधी इंजिन आणि चेसीचे नंबर बघावेत, मग मूळ भाग, रंग अगदी शेवटी. रंग कधीही मारता येतो, कारखान्यात पंच केलेला मूळ नंबर परत मिळत नाही. जाणकारांनी आपापलं ज्ञान इथे ओतावं.

निपाणीकर_७५
जपान इंजिन म्हणून दाखवतात त्यात खोटं लै आहे. आरएक्सचा इंजिन नंबर १एल१ ने सुरू होतो, तेवढ्यावर जाऊ नका. नंबर क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या दोन तुकड्यांच्या पेटीच्या, एकाच अर्ध्या भागावर असतो आणि दोन्ही अर्धे कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात. अर्धा केस बदलला असेल तर सांध्यावरून नख फिरवा, पायरी लागते. सिलिंडर जिथे बसतो तिथेही लागते. अशा इंजिनाला सिलिंडरखालचं बेस गॅस्केट किती बदला, हवा ओढतच राहणार.

चेसी नंबर हँडलच्या मानेवर असतो. टॉर्च आडवा धरून बघा. घासून परत पंच केला असेल तर आजूबाजूचा पत्रा सपाट आणि जास्त गुळगुळीत दिसतो, अक्षरं एका ओळीत बसत नाहीत. नंबरावर पुट्टी आणि जाड रंग असेल तर थिनरच्या बोळ्याने पुसायला सांगा. मालक नको म्हणाला तर चहा पिऊन परत यायचं.

टर्नर_उद्यमबाग
बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं, कोणी विचारतच नाही, आणि तिथेच वीस हजार इकडचे तिकडे होतात.

आरएक्सचा स्टँडर्ड बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५०. सिलिंडर झिजला की आतून मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात, ०.२५ च्या पायरीने १.०० मिमीपर्यंत. म्हणजे चार बोअर झाले की मूळ सिलिंडर संपला, पुढे आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह. हेड उघडायला लावा, पिस्टनच्या डोक्यावर साइज लिहिलेली असते. स्टँडर्ड किंवा ०.२५ वरचा मूळ सिलिंडर असेल तर त्या गाडीला थोडे जास्त दिले तरी चालतात. १.०० वर असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.

बोअर करताना पिस्टन आधी आणा, मायक्रोमीटरने मोजा, मग त्या पिस्टनला धरून सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाला आणा, म्हणजे होन करा. नुसतं ‘०.५० करा’ म्हणून सिलिंडर टाकून जाऊ नका. बाजारातले दोन पिस्टन एकसारखे नसतात. पिस्टन-सिलिंडरमधली फट कमी राहिली की पहिल्याच चढाला गाडी धरते, म्हणजे पिस्टन अडकून बसतो, जास्त राहिली की पिस्टन वाजतो. होन झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते.

क्रँक प्रेस-फिट असतो. नवीन कनेक्टिंग रॉड घातला की व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा, फिरवताना येणारी लडबड (रनआउट) ०.०३ मिमीच्या आत आली पाहिजे. इथे बेळगावच्या उद्यमबागेत हे काम करणारे हात आहेत, पण घाई केली तर हातोडीने ‘साधारण’ सरळ करून देतात. समोर उभं राहून डायलचा काटा बघूनच घ्या.

चहा_दोन_कट
हिरो होंडा सीडी १०० बद्दल पण लिहा की कोणीतरी. तीही ८५ चीच ना?

निपाणीकर_७५
@चहा_दोन_कट ८५ चीच, पण ती फोर-स्ट्रोक. मायलेजची गाडी, पळायची नव्हे. त्यामुळे तिचा भाव आरएक्सच्या जवळपास जात नाही. ती सांभाळणाऱ्यांचा धागा तुम्ही काढा, आम्ही सगळे येतो.

आरडी_अण्णा
आरडी ३५० वर कोणी बोलणार नाही का? यामाहाची ही गाडी इथे राजदूत ३५० नावाने एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, रीड व्हॉल्व्ह. जपानच्या मूळ गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे दोन्हीकडे ड्रम. आधी हाय टॉर्क, ३०.५ बीएचपी. नंतर मायलेजच्या ओरडीपायी लो टॉर्क, २७ बीएचपी. भाव हाय टॉर्कलाच जास्त, कारण पॉवर जास्त आणि जपानी भाग जास्त. पोर्ट आणि सायलेन्सर दोन्हीत वेगळे आहेत. लो टॉर्कला नुसते हाय टॉर्कचे सायलेन्सर लावून ती हाय टॉर्क होत नाही.

घेताना मूळ सायलेन्सरची जोडी आहे का ते आधी विचारा. जास्त पळावी म्हणून एक्स्पान्शन चेंबर (रेसिंगचे सायलेन्सर) लावून मूळ जोडी भंगारात दिलेल्या गाड्या लै आहेत, आणि ती जोडी परत जमवणं हेच सगळ्यात अवघड. चेंबर लावायचे तर लावा, पण जुने सायलेन्सर तेलाचा हात मारून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना ते सोबत असले की समोरचा गप्प पैसे मोजतो.

ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ मिमी, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) आधी २.० मिमी, दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं, डायल गेज प्लगच्या भोकात लावून. कानाने टायमिंग लावणाऱ्याकडे आरडी देऊ नका. एका बाजूचं पुढे गेलं की त्याच बाजूचा पिस्टन वितळतो.

धुराडं
ऑटोल्युब पंप (इंजिनाला आपोआप तेल देणारा) काढून टाकलेली आरएक्स असेल तर? इकडे निम्म्या गाड्या तशाच आहेत.

टर्नर_उद्यमबाग
@धुराडं पंप सोबत असेल तर परत बसवा, भाव वाढतो. नळीतली हवा ब्लीड स्क्रूने पूर्ण काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत. पंपाचा कमीत कमी स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी, शिम घालून जमवता येतो. ब्लीड होईपर्यंत टाकीत थोडं तेल मिसळूनच इंजिन चालवा.

पंप नसेल तर लिटरला २० ते २५ मिली टू-टी तेल, पेट्रोल भरायच्या आधी. आणि तेलाची नळी जिथे शिरते ते भोक बंद केलंय का ते बघा. उघडं राहिलं तर तिथून हवा ओढते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं.

ऑइल सीलही तपासा. मॅग्नेट बाजूचं गेलं की रेस सोडली तरी आवाज खाली यायला वेळ लागतो. क्लच बाजूचं गेलं की गिअरचं तेल क्रँककेसमध्ये जातं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. पहिलं जास्त धोक्याचं, पिस्टन धरतो.

कागदवाली_ताई
तुम्ही सगळे इंजिनात डोकं घालून बसलाय, कागद कोण बघणार? आपल्या भागात केए २२, केए २३ ची गाडी कोल्हापुरात आणि एमएच ०९ ची निपाणीत, हे रोजचं आहे. दुसऱ्या राज्यातली घेत असाल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, त्यावर चेसी नंबरचा पेन्सिल प्रिंट. नाव बदलायला २९ आणि ३०. इकडे नवीन नंबरला फॉर्म २७ आणि इकडचा टॅक्स. एनओसी न काढता नुसत्या सह्या केलेल्या कागदावर गाडी फिरवू नका. मूळ मालक वारला की वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

आरसी १५ वर्षांनी संपते. फॉर्म २५ भरून पुढे ५-५ वर्षं वाढवायची, त्यासाठी गाडी तपासायला न्यावी लागते. दहा वर्षं संपलेली आरसी असेल तर दंडाचा आकडा आधी काढा, मग भाव ठरवा.

आणि ‘व्हिंटेज करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेजला गाडी ५० वर्षांची लागते. ८५ ची आरएक्स २०३५ च्या आधी त्यात बसत नाही. बसली तरी ती रोज फिरवता येत नाही.

सीमाभागी_सायलेन्सर
@कागदवाली_ताई खूप उपयोगी लिहिलंत ताई. विम्याचं पण सांगा.

कागदवाली_ताई
५ वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची असते. म्हणून फोटो, दुरुस्तीची बिलं, भागांची यादी घेऊन जा. नुसतं ऑनलाइन भरलं तर मातीमोल आकडा येतो. एचएसआरपी (सरकारी सुरक्षित नंबर प्लेट) लावल्यावर जुनी प्लेट फेकू नका. कुकर लावायचाय, नंतर येते.

खानापूरचा_पाऊस
खानापूर, जांबोटी पट्ट्यात चार महिने गाडी उभी राहते, तिथे टाकी आतून जाते. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं. पाणी तळाशी बसतं आणि कॉकच्या भोवतीच पहिलं भोक पडतं. जूनच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करा, टाकीत थोडं टू-टी तेल घालून गरागरा फिरवा. प्लग काढून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये, किक दोन-चार वेळा हळू.

गंज असेल तर १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, रात्रभर. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवून तेल फिरवा. अर्धा तास जरी ओली राहिली तरी गंज परत धरतो. आत खडी, नटबोल्ट घालून हलवू नका, टाकीचा मूळ रंग बाहेरून उडतो. मूळ रंगाची, थोडी खरचटलेली टाकी नव्या रंगाच्या टाकीपेक्षा महाग जाते.

दुबईकर_शहापूरचा
इकडे दुबईत एनएसआर २५० आरचं वेड आहे. होंडाची, व्ही-ट्विन टू-स्ट्रोक. जपानमध्ये २५० सीसीला ४५ पीएसची मर्यादा होती, नंतर ४० केली. १९९४ च्या एमसी २८ मॉडेलला तर चावीऐवजी कार्ड आहे. कार्ड हरवलं तर गाडी सुरूच होत नाही, म्हणून कार्डासकट गाडीचा भाव वेगळा. अमेरिकेत २५ वर्षं झालेली गाडी आणता येते, त्यामुळे नव्वदीतल्या गाड्या जपानमधून तिकडे चालल्यात आणि भाव चढलेत. तिथेही विचारतात तेच, मूळ फेअरिंग आहे का आणि नंबर जुळतात का.

निपाणीकर_७५
@टर्नर_उद्यमबाग अण्णा, सिलिंडर बोअर करायला पिस्टनसकट बसच्या पार्सलने पाठवू का? की शनिवारी माणूस पाठवू?

टर्नर_उद्यमबाग
माणूसच पाठवा की. सिलिंडरच्या फिन एकदा तुटल्या की मूळ भाग गेला. बोअरला तेलाचा हात मारा, पोर्टात कापडाचे बोळे कोंबा, भोवती सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. रिंग वेगळ्या पुडीत. शनिवारी लाइट जाते इकडे दुपारी, सकाळीच या म्हणावं.

चहा_दोन_कट
परत येणाऱ्या माणसाच्या हाती बेळगावचा कुंदा पाठवा की अण्णा, निपाणीला चांगला मिळत नाही.

टर्नर_उद्यमबाग
पाठवतो. अर्धा किलो का एक, ते शुक्रवारी सांगा.