जबड्याची सर्जरी आणि ब्रेसेस: अनुभव हवेत
मुलगी १९ वर्षांची आहे. हनुवटी डावीकडे सरकलीय. फोटो काढताना ती नकळत मान तिरपी करते. डॉक्टरांनी दातांत आडवी पट्टी धरायला लावली, तर एक टोक चक्क वर!

नुसत्या ब्रेसेसनी दात हलतील, हाड नाही, असं ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) म्हणतात. आधी १२ ते १८ महिने ब्रेसेस, मग दोन्ही जबड्यांची सर्जरी, नंतर पुन्हा काही महिने ब्रेसेस. त्याआधी बोन स्कॅन, एका बाजूचा जबड्याचा सांधा अजून वाढतोय का ते बघायला. वाढत असेल तर सर्जरीनंतरही चेहरा पुन्हा सरकू शकतो. हे पटलं.

घोडं अडलंय दुसरीकडेच. वाकड्या जबड्याशी जुळवून घेत कललेले दात आधी सरळ करायचे, त्यामुळे सर्जरीपर्यंत चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, आणखीच बिघडलेला दिसेल म्हणे. हे ऐकल्यापासून लेक गप्प आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, तो मधला काळ कसा काढलात? सर्जरीनंतर खालच्या ओठाला येणारी बधिरता किती दिवस राहिली, पूर्ण गेली का? आणि आधी सर्जरी, मग ब्रेसेस असं कुणाचं झालंय का?