तातडीने मदत हवी: नाशिकमध्ये मृत्युपत्र आणि भागीदारी दोन्ही बघणारा वकील

भांडीबाजार: बाबांची (वय ७४) गेल्या आठवड्यात अँजिओप्लास्टी झाली. दुकान माझ्या नावाने करायचं मृत्युपत्र महिनाअखेरच्या आत हवंय. वकील म्हणतात भागीदारीचं सीएला विचारा, सीए म्हणतो वकिलाला विचारा. दोन्ही बघणारा कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुना_कारकून: भागीदारी कुणाबरोबर? गाळा कुणाच्या नावावर? मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली का?

भांडीबाजार: काकांबरोबर, दोघेच. गाळा आमचाच आहे हो, साठ वर्षं झाली. फक्त नाव सांगा.

सरोजताई: मृत्युपत्राच्या फंदात पडूच नका. माझ्या वडिलांनी बक्षीसपत्राने फ्लॅट दिला, मुद्रांक फक्त २०० रुपये.

जुना_कारकून: ताई, ते २०० राहत्या घराला आणि शेतजमिनीला. दुकानाला ३ टक्के लागतात. शिवाय बक्षीसपत्र झालं की बाबांचा हक्क त्याच दिवशी संपला. मृत्युपत्र ते कितीदाही बदलू शकतात.

सरोजताई: आणि मागून भावंडं कोर्टात गेली की? माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

गोदाकाठ: सरळ एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करा. आम्ही केली, एक भागीदार गेला तरी धंदा चालू राहिला.

कलम_४२: मूळ अडचण वेगळीच आहे. दोघांचीच भागीदारी असेल तर एक गेला की पेढी संपते, १९३२ चा कायदा. मृत्युपत्राने तुम्हाला बाबांच्या हिश्शाचा पैसा मिळेल, भागीदारी नाही. काका तयार असतील तर आत्ताच तिसरे भागीदार म्हणून आत या. नवा करारनामा करा, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे बदल नोंदवा.

अनुजा_के: आईच्या शेअर्सना नॉमिनी भाऊ आहे. मग सगळे त्याचेच का?

कलम_४२: नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, डिसेंबर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण वेगळा धागा काढा.

भांडीबाजार: मिळकत पत्रिका काढली. अजून आजोबांचंच नाव आहे. जुना करारनामाही सापडला, त्यात फक्त नफ्याचे आठ-आठ आणे लिहिलेत, गाळ्याबद्दल एक ओळ नाही.

जुना_कारकून: म्हणून पहिल्या दिवशी विचारलं. आजोबा कधी वारले? मृत्युपत्र होतं का? गाळा त्यांनी स्वतः घेतलेला? मुली किती?

भांडीबाजार: १९८१. काही लिहून ठेवलं नव्हतं. गाळा त्यांनीच घेतलेला. दोन आत्या. पण त्यांची लग्नं कधीच झाली!

जुना_कारकून: लग्नाचा काय संबंध? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींचा वाटा मुलांइतकाच. बाबा फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकतात. आत्या राजीखुशीने हक्कसोडपत्र देतील तर ते नोंदवून घ्या, नाहीतर त्यांचा वाटा द्या. मृत्युपत्र त्यासाठी अडवू नका: दोन साक्षीदार, शक्यतो बाबांपेक्षा तरुण, वाटा मिळणारं कुणी नको. डॉक्टरांचा दाखला सोबत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा.

गोदाकाठ: एलएलपीचं काय ठरलं?

भांडीबाजार: कारकूनकाका, वकिलाचं नाव व्यनिने मिळालं, सोमवारी जातोय. धाकटी आत्या सही देईल. मोठीला दुकानातून राखीचा तांब्यासुद्धा कधी गेला नाही, तिच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ? आणि बाबा रोज सकाळी विचारतात, कागद झाला का.