सोयाबीनच्या शेतात तितराची पिल्लं का टिकत नाहीत?

कोरडवाहू_कारंजा

राम राम मंडळी. कारंजा लाडकडचं ९ एकर कोरडवाहू शेत आहे. सोयाबीन-तूर, आणि एका तुकड्यात हरभरा. उत्तरेचा धुरा (बांध) ई-क्लास जमिनीला, म्हणजे गावच्या सरकारी गायरानाला, लागून आहे. उन्हाळ्यात झुंजुमुंजू झालं की तीन-चार ठिकाणांहून तितर बोलतात, म्हणजे जोड्या आहेत. पण सोंगणीच्या (कापणीच्या) वेळी दोन-तीन मोठेच पक्षी उठतात, पिल्लावळ दिसत नाही. धुरे दरवर्षी फाल्गुनात पेटवतो. तणनाशक दोनदा, कीटकनाशक दोन-तीनदा.

ज्वारी टाकली तर फरक पडेल का? बटेर विकत आणून सोडले तर? की मुंगूस आणि गावकुत्र्यांचाच बंदोबस्त करायचा?

बोराटी

भाऊ, ज्वारी नको. मोठ्या तितराला दाण्याची कमी नसते. अडतं ते पिल्लाचं. पहिले दोन आठवडे त्याला दाणा चालत नाही, किडेच लागतात: अळ्या, नाकतोड्याची बारकी पिल्लं, उधई, मुंग्यांची अंडी. अंड्यातून निघाल्या दिवशी ते आईमागं चालायला लागतं, आणि पोट भरायला जितकं जास्त चालेल तितकं भिजतं, गारठतं आणि मरतं.

आता तुमचं वेळापत्रक पाहा. तितराची वीण उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळाभर चालते. पिल्लं फिरती असतात तेव्हाच सोयाबीन १५-२० दिवसांचं होऊन इमॅझेथापायर हे तणनाशक पडतं, आणि पुढं खोडमाशी, चक्रीभुंग्यासाठी फवारणी. पहिल्यानं तण जातं, म्हणजे किड्यांचं घर जातं. दुसऱ्यानं उरलेले किडे जातात. विषानं पिल्लू मेलं नाही तरी उपाशी मरतंच.

हे इंग्लंडात फार बारकाईनं पाहिलेलं आहे. ससेक्स परगण्यात डिक पॉट्स यांनी १९६८ पासून धान्याच्या शेतांतल्या तितरांची मोजणी केली. तणनाशकानं किडे घटले आणि त्यामुळं पिल्लं जगेनाशी झाली, हे त्यातून दिसलं. मग तिथं धान्याच्या पिकाच्या कडेचा साधारण ६ मीटरचा पट्टा जवळजवळ बिनफवारणीचा ठेवायची पद्धत आली. तिथला तितर वेगळ्या जातीचा, पण पिल्लाची भूक तीच.

आपल्याकडं ६ मीटर जड जातात. उत्तरेच्या धुऱ्यालगत सहा तास (पिकाच्या ओळी) सोडा. १८ इंची पेरणीत ते सुमारे २.७ मीटर होतात. धुरा १३० मीटर धरला तर साडेतीन गुंठे. पेरणी तिथंही करायचीच, फक्त तणनाशक आणि कीटकनाशक नाही. डवऱ्याचे (कोळप्याचे) दोन फेर, २० आणि ३५ दिवसांनी. गाजरगवत मात्र फुलावर यायच्या आत हातानं उपटायचं. लोक नेमके इथं चुकतात: "पक्ष्यांसाठी सोडलं" म्हणून पट्ट्याकडं बघतच नाहीत, दुसऱ्या वर्षी तिथं गाजरगवताशिवाय काही उरत नाही आणि तिसऱ्या वर्षी सगळंच बंद पडतं. केना, कुंजर, दुधी ही तणं राहू द्या, त्यांवरच अळ्या असतात. फवारणी सातव्या तासापासून, आणि वारा धुऱ्याकडं वाहत असेल तर त्या दिवशी पंप भरूच नका.

आणि धुरा पेटवणं या वर्षीपासून बंद. हे सगळ्यांत आधी. मादी गेल्या वर्षीच्या वाळल्या गवताच्या बुडाशी माती उकरून ४ ते ८ अंडी घालते. फाल्गुनात तेच जाळलं तर चैत्रात ती बसणार कुठं?

मारवेल

बोराटी दादांच्या म्हणण्याला जोड. धुरा नुसता न जाळून भागत नाही, तो घडवावा लागतो. दीड ते दोन मीटर रुंद आणि हातभर उंच, म्हणजे पाणी तुंबलं तरी घरटं कोरडं राहतं. काळ्या जमिनीत हे फार महत्त्वाचं. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की मारवेल गवताचे मुळासकट ठोंब ४५ बाय ३० सेंमीवर लावा. पहिलं वर्ष बकऱ्या आत येऊ देऊ नका, कोवळा ठोंब ओढला की मुळासकट निघतो. कुसळी गवत असेल तर काढू नका. मध्ये दर १५-२० मीटरवर बोराटीचं (रानबोरीचं) झुडूप राहू द्या. दुपारची सावली, वरून शिक्रा (शिकारी पक्षी) आला तर आसरा.

उंच झाड नवीन लावू नका. धुऱ्यावर उंच फांदी म्हणजे कावळ्याची टेहळणी. जुनी बाभूळ, हिवर आहे तो राहू द्या, तितर रात्री काटेरी झाडावरच बसतात.

गवत कापायचं ते एका वर्षी धुऱ्याची एकच बाजू, तीही दिवाळीनंतर, आणि वीतभर बुडखा ठेवून. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) थोडं धुऱ्याच्या पायथ्याशी पसरा. ते कुजलं की उधई लागते, आणि तितराच्या पायांना उकरायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

कोरडवाहू_कारंजा

फार उपयोगाचं. पण धुऱ्याला किडे ठेवले तर ते सोयाबीनवर चढणार नाहीत का? शेजारी हेच विचारतील. आणि कुत्र्यांचं, बटेरांचं राहिलं.

बोराटी

चक्रीभुंगा दाट पेरणीत जास्त लागतो, एकरी बियाणं आटोक्यात ठेवा. पट्ट्याच्या सहा तासांत थोडी अळी दिसेल, ती तिथं असावीच. त्याच गवतात कोळी, ढालकिडे, प्रार्थनाकीटक राहतात. तरी सातव्या-आठव्या तासावर आठवड्याला फेरी मारा, आर्थिक नुकसानीची पातळी (फवारणीचा खर्च परवडावा इतकी कीड) ओलांडली तर तिथून आत फवारा. शेजाऱ्याला हेच सांगा.

ससाणा_यवतमाळ

बटेर नको. बाजारात मिळतो तो जपानी बटेर, पिंजऱ्यात वाढलेला. त्याला ना शिक्रा ओळखता येतो ना मांजर, चार दिवसांत संपतो. जगलाच तर आपल्या रानातल्या बटेराशी त्याचा संकर होऊ शकतो. शिवाय रोग.

मुंगूस, कोल्हा, घोरपड यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं हलवणं हेसुद्धा शिकारीतच धरलं आहे, मग घोरपड मारणं तर लांबच. विष टाकलं तर गिधाडं आणि दुसरे पक्षीही मरतात. कुत्र्यांचं मूळ वेगळं आहे: मेलेली जनावरं पांदणीत उघडी टाकणं. ती ५-६ फूट खोल पुरा, कुत्र्यांची संख्या आपोआप कमी राहते. रानडुक्कर अंडी खातं, पण झटका मशीनची (विजेचा सौम्य झटका देणाऱ्या कुंपणाची) तार धुऱ्याच्या आतून फिरवा, धुरा बाहेर मोकळा ठेवा. नायलॉनची जाळी लावू नका. तितर, साप, सगळे अडकतात.

सोंगणीबद्दल कुणी बोललं नाही. हार्वेस्टर बाहेरून गोल फिरवत आत गेला तर सगळे पक्षी मधल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत चिरडतात. मधून सुरू करा, बाहेर धुऱ्याकडं या. मजूर असतील तर रस्त्याच्या बाजूनं सुरुवात आणि धुऱ्याकडं शेवट. लाव्याची (बटेरासारख्या छोट्या पक्ष्याची) घरटी तेव्हाही सापडतात. घरटं दिसलं तर चहूबाजूंनी दोन-दोन मीटर उभं ठेवा, अंड्यांना हात नाही. खूण अगदी शेजारी रोवू नका, कावळे शिकतात. त्याच तासात दहा पावलांवर काठी ठोका. शेंगा फुटून जे नुकसान होईल ते पसाभर.

शेततळं असेल तर प्लास्टिकच्या उतारावर दोन-तीन जागी गोणपाट किंवा काथ्याची दोरी पाण्यापर्यंत सोडा. पिल्लू एकदा घसरलं की वर येत नाही.

कोरडवाहू_कारंजा

आणि बीजप्रक्रिया केलेलं बियाणं? तिफण वळते तिथं सांडतं.

मारवेल

हेच विसरलं होतं. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम लावलेलं बी दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना घातक, इमिडाक्लोप्रिड तर तितरांना फारच. तिफण उचलायच्या चार हात आधी बी टाकणं थांबवा, सांडलेलं मातीआड करा, रिकाम्या पिशव्या धुऱ्यावर टाकू नका. हरभऱ्याच्या पेरणीलाही हाच नियम.

मोजणीचं सांगतो. एप्रिलमध्ये सूर्योदयाआधी धुऱ्यावर ठरलेल्या दोन जागी, एकमेकींपासून जमेल तितक्या लांब, दहा-दहा मिनिटं थांबा. बोलणारे नर मोजा, वहीत लिहा. मग ऑगस्ट-सप्टेंबरात पहाटे दव असताना पट्ट्याच्या कडेनं चाला आणि प्रत्येक मोठ्या पक्ष्यामागं किती पिल्लं ते लिहा. पहिल्या आकड्यावरून जोड्या कळतात, दुसऱ्यावरून पट्टा चालला की नाही ते.

जुलै-ऑगस्टमध्ये ई-क्लासच्या गवतातून काळा-पांढरा पक्षी जागच्या जागी माणसाच्या उंचीएवढी उडी मारताना दिसला, तर तो तणमोर, गवताळ रानातला फार दुर्मिळ पक्षी. जवळ जाऊ नका, फोटोसाठी गर्दी जमवू नका. वन विभागाच्या १९२६ वर कळवा आणि तेवढ्या भागातली चराई आठ-दहा आठवडे थांबवायला ग्रामपंचायतीशी बोला. कुठं फासे दिसले तरी तोच नंबर.