पी व्हॅल्यू 0.064 आली, म्हणजे मामांचे टॉवेल पास झाले का?

सोलापूरकर_एमएस्सी
नमस्कार. प्रोजेक्टसाठी मामांच्या कारखान्यातले टॉवेल घेतलेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग आहेत त्यांचे. पॅकिंगवर 400 ग्रॅम लिहितात आणि एक व्यापारी सारखा म्हणतोय माल हलका येतोय. मी 16 टॉवेल काट्यावर घातले, सरासरी 394, स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनांचा सरासरीभोवतीचा पसारा) 12. खरी सरासरी 400 च आहे हे नल हायपोथेसिस धरलं, टी (फरक भागिले सरासरीची स्टँडर्ड एरर) आला उणे 2, दोन्ही बाजूंची पी व्हॅल्यू 0.064. 0.05 या नेहमीच्या मर्यादेच्या वर आहे म्हणून "नल मान्य" असं लिहिलं तर मॅडमनी खोडून "नल नाकारता येत नाही" केलं. फरक काय तेच कळंना. आणि 0.064 म्हणजे माल बरोबर असायची शक्यता 6.4 टक्के असंच ना? मित्र म्हणतोय एका बाजूची टेस्ट लाव (म्हणजे वजन कमी आहे का एवढंच बघायचं), पी 0.032 होतंय. मामा तर लई खूश आहेत, व्यापाऱ्याला रिपोर्ट दाखवतो म्हणालेत, म्हणून जरा टेन्शन आलंय.

आकडेमोड
6.4 टक्क्याचा अर्थ तो नाही, ही चूक खूप जण करतात. पी काढताना आपण आधीच मानून बसलोय की सरासरी 400 आहे, मग त्याच आकड्यावरून 400 खरं असायची शक्यता कशी सांगणार? तो आकडा एवढंच सांगतो की सरासरी खरंच 400 असती आणि असेच 16-16 टॉवेल पुन्हा पुन्हा उचलले असते तर 6 ग्रॅम किंवा त्याहून जास्त फरक, इकडे किंवा तिकडे, शंभरातून सहा-सात वेळा नुसत्या योगायोगाने दिसला असता.

मॅडमचं बरोबर आहे, कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी कुठल्या पट्ट्यात असेल त्याचा अंदाज, काढून बघ की. 12 भागिले 4 म्हणजे स्टँडर्ड एरर (सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते ते) 3, 15 डिग्री ऑफ फ्रीडमला (16 वजा 1) तक्त्यातला टी 2.131, म्हणजे 95 टक्क्याचा पट्टा 387.6 ते 400.4. यात 400 कसाबसा बसतोय पण 390 तर आरामात बसतोय, मग 400 च "मान्य" का करायचं? खरी सरासरी 394 असली तरी 16 टॉवेलांत ही टेस्ट निम्म्याहून जास्त वेळा ते पकडणारच नाही. कमी नमुन्यात टेस्ट गप्प बसली म्हणजे माल चांगला ठरत नाही, मामांना हे आधी सांग. छोट्या नमुन्याची हीच अडचण गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाला डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात आली होती, त्यातूनच 1908 ला "स्टुडंट" या टोपणनावाने टी आला.

टेस्टिंग_लॅबवाला
एका बाजूची टेस्ट चुकीची नाही, व्यापाऱ्याची तक्रार कमी वजनाचीच आहे. पण ते वजन करायच्या आधी वहीत लिहायला पाहिजे होतं. आता 0.064 बघून बाजू बदलली तर ती टेस्ट राहिलीच नाही, हवं ते उत्तर काढणं झालं.

आणि मला दुसरंच विचारायचंय, हे 16 एकाच मागावरचे का? तसं असेल तर ते एका मागाबद्दल बोलतात, कारखान्याबद्दल नाही. शिवाय वजन कधी केलंस? सुती माल हवेतला ओलावा घेतो-सोडतो, आमच्याकडं 65 टक्के आर्द्रतेत ठेवल्याशिवाय काट्यावर घेत नाहीत. सोलापूरच्या एप्रिलच्या दुपारी टॉवेल 6 ग्रॅम नुसता कोरडा होऊन सुद्धा हलका भरेल. टेस्ट फरक आहे का एवढंच बघते, कशामुळं ते तुला शोधायचंय.

सोलापूरकर_एमएस्सी
सगळे दोनच मागांवरचे होते, आणि दुपारी दोनला, पत्र्याखाली. मामांना रिपोर्ट देऊ नका म्हणून आत्ताच फोन केला. आता सगळ्या मागांवरून चिठ्ठ्या टाकून 60 घेतो आणि एक बाजू हे आधीच लिहून मॅडमची सही घेतो. दादा, तुमच्या लॅबमध्ये माल किती वेळ ठेवायचा असतो?

टेस्टिंग_लॅबवाला
ठरावीक तास नाही, वजन बदलायचं थांबेपर्यंत. दर दोन तासांनी तोच टॉवेल काट्यावर घे, आकडा हलायचा थांबला की सुरू कर.