मदत हवी आहे: भेगा भरलेला हिरा घ्यावा का?

डिसेंबरात भावाचा साखरपुडा आहे. सराफाने एक कॅरेटचा हिरा दाखवला, भाव इतरांच्या जवळपास निम्मा. खोदून विचारल्यावर म्हणाला, "क्लॅरिटी एनहान्स्ड आहे." म्हणजे आतल्या भेगांत काचेसारखा पदार्थ भरलेला. १०एक्स भिंगाखाली हिरा तिरका केला तर जांभळी-निळी चमक झर्रकन दिसून जाते, मी स्वतः पाहिली. नुसत्या डोळ्यांना मात्र झकास!

जीआयए (हिरे तपासणारी अमेरिकी संस्था) अशा हिऱ्याला ग्रेडिंग रिपोर्टच, म्हणजे दर्जाचा दाखला, देत नाही; आतला डाग घालवायला लेझरने छिद्र पाडलेल्याला मात्र देते. शिवाय अंगठी सैल-घट्ट करताना सोनाराची ज्योत लागली तर भरण खराब होतं म्हणे.

कुणी वापरलाय का? मोडीत काय मिळालं? की त्याच पैशांत लहान पण भेगा न भरलेला नैसर्गिक घ्यावा? आई लॅबग्रोनला (प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याला) तयार नाही.