क्राउडसोर्सिंगला 'इर्जिक' म्हटलं तर चालेल?

भाषांतरवाली:
शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. त्यात एका अ‍ॅपची माहिती आहे. शेतकऱ्यांनी पानावरच्या किडीचा फोटो काढून पाठवायचा. असे हजारो फोटो साठले की अ‍ॅपला कीड ओळखता येऊ लागते. मूळ मजकुरात दर दोन ओळींनी 'क्राउडसोर्सिंग' (जाहीर आवाहन करून अनेकांकडून काम करून घेणं) येतं. मी 'जनस्रोत' लिहिलं होतं. कच्चा खर्डा वाचणाऱ्या एका दादांनी विचारलं, "हे विहिरीबद्दल आहे का?" खोडलं. 'लोकसहभाग' ग्रामसभेच्या इतिवृत्तांत लिहून लिहून इतका गुळगुळीत झालाय की त्याला आता काही चिकटतच नाही. आजोळी ऐकलेला 'इर्जिक' (गावानं मिळून एकाचं रान उरकणं) आठवला. कसा वाटतो?

मुद्रितशोधक:
आधी मूळ शब्द बघू. जून २००६ मध्ये 'वायर्ड' मासिकात जेफ हाउ यांचा लेख आला, तिथून तो पसरला. 'क्राउड' आणि 'आउटसोर्सिंग' यांचा सांधा आहे. आउटसोर्सिंगमध्ये काम बाहेर जातं, पण कुणाकडे ते ठरलेलं असतं. इथे ठरलेलं नाही; जाहीर आवाहन करायचं, जो येईल तो करील. तुमचा 'जनस्रोत' म्हणूनच फसला. 'सोर्सिंग' ही क्रिया आहे, तुम्ही तिचं नाम करून टाकलंत.

'क्राउड'ला 'गर्दी' म्हणावं तर तीत धक्काबुक्की आहे. 'जमाव' म्हटलं की मागोमाग जमावबंदी येते. 'लोक' त्यातल्या त्यात बरा.

बाकी प्रकार जुनाच. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना आवाहन केलं, आणि लोकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. कामाला नाव नव्हतं म्हणून कोश अडला नाही.

कोरडवाहू:
ताई, शब्द आमचाच आहे म्हणून सांगतो, इथं बसत नाही. इर्जिक कोण घालतं? ज्याचं रान पडून राहिलंय, बैल नाहीत, माणूसबळ नाही, तो. गावातले लोक आपापली औतं घेऊन येतात, दिवसात रान उरकतात, आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नाही, पण जेवण चुकवता येत नाही. आणि येणारा प्रत्येक जण ओळखीचा असतो.

सावड त्याहून वेगळी. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. तिथं हिशेब असतो, फक्त वहीत नसतो. (शहरातल्या माणसाला 'सावडणे' म्हटलं की अस्थीच आठवतात, ते एक असो.)

आता तुमचं अ‍ॅप. फोटो आम्ही काढणार. अ‍ॅप शहाणं होणार. मग ते कुणाचं? आमचंच असेल तर सावड म्हणा. कंपनी तेच आम्हाला वर्षाला पैसे घेऊन विकणार असेल, तर त्याला आमच्याकडे जुना शब्द आहे: वेठ.

मुद्रितशोधक:
वेठीत जबरदस्ती असते. इथे फोटो पाठवायची सक्ती कुठे आहे?

कोरडवाहू:
सक्ती नाही, खरं. पण पाठवणाऱ्याला आपण काम करतोय हेच ठाऊक नसेल तर?

भाषांतरवाली:
याचं नेमकं उदाहरण आहे. वेबसाइटवर शिरताना वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायला लावायचे, आठवतं? रीकॅप्चा. दोन शब्द दिसायचे. एक संगणकाला माहीत असायचा, तुम्ही माणूस आहात हे त्यावरून ठरायचं. दुसरा जुन्या छापील मजकुरातला, संगणकाला न वाचता आलेला. तो तुम्ही वाचून द्यायचा. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक असेच अक्षरबद्ध झाले, आणि २००९ मध्ये रीकॅप्चा कंपनी गुगलने घेतली. मीही कितीतरी शब्द वाचून दिले असतील. ना सांगावा, ना जेवण!

विकिपीडियाचं मात्र तसं नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. लिहिणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत असतं, आणि लिहिलेलं सगळ्यांना फुकट वाचता येतं. लोकांनीच भरलेले ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशेही तसेच.

वाचनमात्र:
मधेच बोलतो. ई-पीक पाहणी यात येते का? २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो, पूर्वी ती तलाठी करायचे.

मुद्रितशोधक:
अर्धवट येते. ठरावीक माणसाचं काम अनेकांकडे गेलं, इतकं जुळतं. पण तिथे जो तो आपल्याच सातबाऱ्यापुरतं भरतो. एक शेतकरी दुसऱ्याच्या रानाची नोंद करायला सहसा जात नाही. मी त्याला 'स्वयंनोंद' म्हणेन.

वाचनमात्र:
आणि क्राउडफंडिंग?

मुद्रितशोधक:
त्यासाठी 'लोकवर्गणी' आहे की. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा मागायची कल्पना. तिला अ‍ॅप लागलं नाही.

भाषांतरवाली:
केनियात २००८ मध्ये निवडणुकीनंतरचा हिंसाचार लोकांनी मोबाइलवरून कळवावा, तो नकाशावर दिसावा, यासाठी एक व्यासपीठ उभं राहिलं. नाव 'उशाहिदी'. स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. त्यांनी तंत्राचं नाव शोधलं नाही, लोक तिथे काय करतात ते सांगितलं. आपणही तसंच करावं का? किडीच्या अ‍ॅपसाठी 'क्राउडसोर्सिंग' एकदाच, पहिल्या पानावर, देवनागरीत. पुढे सरळ 'शेतकऱ्यांनी पाठवलेले फोटो'. कोरडवाहू दादांचा प्रश्न मी कंपनीला कळवला आहे. फोटोंवर हक्क कुणाचा, हे पुस्तिकेत कुठेच नाही. उत्तर आलं की शब्द ठरवू.

कोरडवाहू:
आणि सावडच निघाली तर सावडच लिहा. घाबरू नका, आम्हाला कळतं.

मुद्रितशोधक:
इर्जिक कुठे वापरलीत तर एक बघा. उपान्त्य इकार दीर्घ: गरीब, वकील, तसं 'इर्जीक'.

कोरडवाहू:
सर, 'जी' लांबवेपर्यंत रान नांगरून होतं.